सासूबाईंचे आठ दिवस

आधीच सांगते, ते पाकीट मी मुद्दाम फोडलं नाही. जुलै दोन हजार सात. ऑफिसची शटल बस अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या आमच्या कॉम्प्लेक्सपाशी सोडायची, आणि मी घरी जायच्या आधी पत्रपेट्यांकडे वळायची, कारण मला इमिग्रेशनची एक पावती यायची होती. त्या संध्याकाळी पेटीत जाडजूड पाकीट निघालं, वर नाव 'मालिनी देवपुजारी'. म्हणजे आमच्या सासूबाई. म्हटलं, हीच ती पावती, आणि उभ्याउभ्याच फोडलं. आत नकाशे होते. दोन मोठे घडीचे नकाशे, एक पुस्तिका, आणि बॅगेला लावायच्या पिवळ्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर वेगळ्या गावाचं नाव आणि खाली 'मिसेस एम. देवपुजारी, एक व्यक्ती'.

एक व्यक्ती. मी ते तीनदा वाचलं.

सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की वेल्सच्या किनाऱ्यावरचा तुमचा आठ दिवसांचा पायी प्रवास पक्का झाला आहे. बरोबर गाइड नसेल. नकाशा घेऊन आपलं आपण चालायचं, रात्री ठरलेल्या घरी मुक्काम, बॅग आम्ही गाडीने पुढे पोचवू. सुरुवात पंचवीस ऑगस्ट. खाली कुणा बाईची सही आणि 'चालून मजा येईल' अशा अर्थाचं काहीतरी. मी तिथेच पायरीवर बसले. बासष्ट वर्षांच्या, नागपूरच्या, गुडघ्याला रोज तेल चोळणाऱ्या आमच्या सासूबाई समुद्राच्या कड्यावरून आठ दिवस एकट्या चालणार होत्या, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आता ती पावती कसली, तेही सांगते, कारण त्यात माझी लाज आहे. अमेरिकेत कुणाचे आईवडील आले की विमानतळावर उतरतानाच देशात सहा महिने राहायचा शिक्का मिळतो. सासूबाई माझ्या बाळंतपणाला फेब्रुवारीत आल्या, म्हणजे मुदत ऑगस्टअखेर. पण अनया तेव्हा जेमतेम पाच महिन्यांची होणार होती. डेकेअरवाले म्हणाले, नोव्हेंबरच्या आधी जागा नाही. माझी मॅटर्निटी लीव्ह जूनमध्येच संपली होती. आमच्या टीमचं काम ऑक्टोबरात ग्राहकाकडे जायचं होतं, आणि माझ्या टीम लीडने गोड हसत सांगितलं होतं की आता परत सुट्टी लागली तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल. माझा व्हिसा त्याच नोकरीवर. नोकरी गेली की मीही गेले.

शेजारच्या वीणाने उपाय सांगितला. "अगं, एक्स्टेन्शन फाइल कर. अजून सहा महिने मिळतात. सगळेच करतात यार." खरंच सगळे करत होते. मी फॉर्म भरला. सासूबाईंच्या पर्समधून पासपोर्ट मागून घेतला, फोटोच्या पानाची आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या पानाची झेरॉक्स काढली. मग व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद होते, त्यांच्यातच तो फॉर्म सरकवला आणि म्हटलं, "आई, इथे इथे सह्या करा." त्यांनी चष्मा लावला, सह्या केल्या, पेनाला टोपण घालून परत दिलं. मी विचारलं नाही. नवऱ्याला, शंतनूलाही सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर त्याने आईला विचारलं असतं, आणि आई नाही म्हणाल्या तर काय, ही मला भीती. तर पाकीट फोडताना मी कोणती पावती शोधत होते ते आता कळलं असेल.

सासूबाई तशा साध्या बाई. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. शंतनू इंजिनियरिंगला असतानाच सासरे गेले, तेव्हापासून घर त्यांनीच चालवलं. माझ्या घरात आल्या आणि पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात दिशा सुरू झाल्या. "मीठ शेगडीच्या पूर्वेला ठेवलंय." "अनयाचं टोपडं सोफ्याच्या वायव्येला आहे बघ." मी पुण्याची, आम्हाला टोपडं कुठे म्हटलं की बोट दाखवलेलं पुरतं. सुरुवातीला डोकं फिरायचं. पुढे सवय झाली, इतकी की मी ऑफिसात कुणाला प्रिंटर उत्तरेला आहे असं सांगितलं आणि तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

रोज सकाळी त्या अनयाला स्ट्रोलरमध्ये घालून निघायच्या ते दोन-दोन तासांनी परत. पाठीवर शंतनूची जुनी लॅपटॉपची सॅक. मला वाटायचं, डायपर असतील. पायात भक्कम बूट, नागपूरहूनच घालून आल्या होत्या. मी वीणाला हसत सांगितलंही होतं की आमच्या सासूबाई सैन्यात भरती झाल्यात. वीणा म्हणाली, नशीबवान आहेस, माझ्या सासूबाई सोफ्यावरून उठत नाहीत. मलाही तसंच वाटायचं. असं माणूस घरात आहे म्हणून मी निर्धास्त कामाला जात होते.

पाकीट घेऊन मी घरात शिरले तेव्हा त्या अनयाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आई, हे काय आहे?"

"आलं का? मी म्हणूनच रोज विचारून राहिले होते, पोस्ट आली का, पोस्ट आली का." चेहऱ्यावर ना संकोच, ना काही. अनयाला माझ्याकडे देऊन त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि गुडघे मोडून त्यावर वाकल्या. "हे बघ. इथून सुरू. हा सगळा चुनखडक आहे. लाटांनी आधी गुहा होते, गुहा आरपार गेली की कमान, कमान कोसळली की नुसता खांब उरतो. एकतीस वर्षं फळ्यावर काढलं मी. आमच्या शाळेच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात इथल्याच कमानीचा फोटो होता. तेव्हाच ठरवलं होतं, रिटायर झाल्यावर."

"आई, तिकडचा व्हिसा लागतो."

"आहे ना. मुंबईहूनच घेतला, येतानाच. पेन्शनमधून बुकिंगही तेव्हाच केलं. जाताना लंडनला उतरायचं, आठ दिवस चालायचं, मग नागपूर."

त्यांनी पासपोर्ट आणून दाखवला. अमेरिकेच्या व्हिसाच्या लगेच पुढच्या पानावर ब्रिटनचा व्हिसा. मी झेरॉक्स काढली तेव्हा ते पान माझ्या अंगठ्याखाली होतं आणि मी ते उलटलं नव्हतं. मी चाटच पडले. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही. मी सॅक उघडली तर आत डायपर दोनच, आणि खाली तुरीच्या डाळीची दहा पौंडांची अख्खी पिशवी. दोन महिने मी डाळ संपली म्हणून मुगाच्या वरणावर दिवस काढत होते.

"वजन घेऊन चालायची सवय लागते," त्या म्हणाल्या. "दिवसभराचं पाणी, रेनकोट, खाणं पाठीवर असतं."

तेवढ्यात शंतनू आला. त्याने नकाशा पाहिला, पत्र वाचलं आणि बूट न काढता तिथेच उभा राहिला. मग त्याने जे सुरू केलं ते सगळे मुलगे करतात. आई, पाऊस असतो तिकडे. आई, पाय घसरला तर. आई, तू शाकाहारी. आई, पुढच्या वर्षी मीच नेतो ना तुला, गाडी घेऊ, आरामात सगळं दाखवतो.

"गाडीने नको. मला चालायचंय."

"आणि हरवलीस तर?"

"समुद्र उजव्या हाताला ठेवायचा," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत तो उजवीकडेच आहे. हरवायला जागाच कुठे आहे त्यात?"

माझा पारा चढला होता. खरं सांगायचं तर राग नव्हता तो. तोंडचं पाणी पळालं होतं माझ्या. मला ऑक्टोबर दिसत होता, लीडचं हसणं दिसत होतं. मी आवाज चढवून म्हटलं, "आई, पाच महिने आमच्याच घरात राहून हे सगळं चोरून चाललं होतं? एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

त्यांनी नकाशाची घडी घालायला घेतली होती, ती तशीच ठेवली. "चोरून? माझं परतीचं तिकीट तेवीस ऑगस्टचं आहे. ते तूच फ्रिजवर लावलंयस. चालायचं मुद्दाम बोलले नाही, कारण तुम्ही काळजी करत बसला असता. पण मी जाणार ती तारीख कुणापासून लपवली मी?"

मग त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "तो फॉर्म मी वाचला होता, आश्लेषा. दोन्ही बाजूंनी. न वाचता सही करत नाही मी."

मी अनयाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"कसला फॉर्म?" शंतनूने माझ्याकडे बघत विचारलं. ते मी त्याला सांगितलं, जमेल तितकं कमी शब्दांत. त्याने तेव्हा कुठे बूट काढले आणि दाराशी नेऊन ठेवले. रागावला असता तर बरं झालं असतं.

"वाचला होता, तर सही का केलीत?" मी विचारलं.

"वाटलं, तू विचारशील. आज नाही तर उद्या. रोज संध्याकाळी तू आलीस की वाटायचं आज विचारेल. विचारावंस असं वाटायचं आणि विचारू नयेस असंही वाटायचं. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं ना." मग नाक पुसून म्हणाल्या, "चालायचं बुकिंग बुधवारपर्यंत रद्द करता येतं. तुला खरंच गरज आहे, दिसतंय मला. आता विचार. राहीन मी."

हे सोमवारी झालं. मंगळवारचा दिवस मी ऑफिसात कसा काढला मला आठवत नाही. एका मीटिंगमध्ये लीडने ऑक्टोबरचा तक्ता लावला, त्यात माझं नाव चार ठिकाणी होतं. घरी शंतनू म्हणाला, "तू ठरव. मी आईला राहा म्हणणार नाही आणि जा पण म्हणणार नाही." वा रे वा. हे म्हणजे सगळं माझ्याच पदरात.

बुधवारी सकाळी सातला मी विचारलं. हो, विचारलं. मी काही देवी नाही. त्या अनयाची बाटली भरत होत्या. मी म्हटलं, "आई, नोव्हेंबरपर्यंत राहाल का?"

"राहीन," त्या म्हणाल्या. मधे श्वासही घेतला नाही. बाटलीचं झाकण फिरवून बंद केलं. "लाव फोन. तिकडे आता दुपारचे तीन झालेत."

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं रडतील, निदान तोंड तरी फिरवतील. मी परदेशी फोन करायचं कॉलिंग कार्ड खरवडलं, नंबर फिरवला आणि फोन त्यांना दिला. त्यांनी नाव सांगितलं, बुकिंगचा नंबर पाठ सांगितला, आणि 'कॅन्सल' असं इंग्रजीत स्पष्ट म्हणाल्या. मग पलीकडची बाई काहीतरी बोलली. सासूबाईंनी दोनदा 'पार्डन' म्हटलं आणि फोन माझ्यापुढे केला. "हिचे उच्चार कळत नाहीत मला. काहीतरी विचारते आहे. बघ जरा."

मी फोन घेतला. बाईचा आवाज फार मऊ होता. तिने सांगितलं की वाईट वाटलं ऐकून, मिसेस देवपुजारींनी इतकी सुंदर पत्रं लिहिली होती. रद्द करायला काहीच अडचण नाही, फक्त फॉर्मवर एक ओळ भरायची असते. कारण काय लिहू?

मी तोंड उघडलं. सासूबाई समोर उभ्या होत्या, अनयाला खांद्यावर घेऊन तिची पाठ थोपटत. खरं कारण मला माहीत होतं आणि ते इंग्रजीत सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या नोकरीसाठी त्यांची गरज आहे. बास. पण ते त्यांच्यासमोर, त्या अनोळखी बाईला, मोठ्याने सांगायचं होतं. बाई दोनदा हॅलो म्हणाली.

"नाही, रद्द नाही करायचं," मी इंग्रजीत म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "ऐकण्यात गोंधळ झाला. एवढंच विचारायचं होतं की सगळ्या मुक्कामांवर शाकाहारी जेवण मिळेल ना."

मिळेल, ती म्हणाली. मी आभार मानून फोन ठेवला.

सासूबाईंना त्या बाईचं इंग्रजी कळलं नसेल, माझं सगळं कळलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे भरले होते, आणि चेहऱ्यावर काळजी होती, ती माझीच.

"मग अनयाला कोण बघेल गं?"

"माहीत नाही, आई," मी म्हटलं. आणि खरंच माहीत नव्हतं. बाहेर शटलचा हॉर्न वाजला, पण मी तशीच उभी होते, फोनवर हात ठेवून, आणि मी आत्ता काय करून बसले, एवढंच डोक्यात होतं.