फेस न येणारं पाणी

धुण्याच्या सोड्याची पुडी हातात आली की मला भाईंदरच्या एका शाळेचा हॉल आठवतो. शिक्षकांनी विज्ञान कसं शिकवावं, यावर आमच्या मॅडम संशोधन करायच्या आणि त्यांच्या शिबिरात मी, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी, सामान मांडायचे. त्या सकाळी शाळेचे नळ कोरडे होते, म्हणून मी राईहून, आमच्या गावाहून, आमच्या विहिरीचं पाणी रिक्षाने नेलं. ते खारं आहे, हे मात्र लाजेने सांगितलं नाही. साबणाच्या फेसाचा प्रयोग होता. शिक्षक बाटल्या हलवत राहिले, फेस काही येईना. "साबण डुप्लिकेट है क्या, मॅडम?" एका सरांनी विचारलं आणि सगळे हसले. आता मला परत बोलावणार नाहीत, असं वाटलं, तरी मी खरं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. "मग घरी कपडे कसे धुता?" त्यांनी विचारलं. कपडे आईच धुवायची, मला नीट सांगता येईना, तेव्हा त्यांनी आईलाच फोन लावायला लावला, तोही स्पीकरवर. आई कशी बोलेल, या विचाराने माझे कान तापले. "चिमूटभर सोडा टाक बाय, दुसरं काय न्हाय," आई म्हणाली. "येवढे मास्तर हायत, कुनाला ठावं न्हाय?" हॉल पुन्हा हसला, पण सोडा आणवला गेला आणि बाटल्या फेसाने भरल्या. मॅडमनी वहीत त्या प्रयोगापुढे आईचं पूर्ण नाव लिहून घेतलं. आज शिक्षकांचं पहिलं शिबिर मी स्वतः घेतेय. पाणी मुद्दाम विहिरीचंच भरलंय आणि फोन जवळ ठेव, असं आईला सांगून निघालेय.