दुपारी नाहीसा होणारा ठिपका

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४. एकोणपन्नास युरो नव्वद सेंट. एवढी रक्कम हेल्लेवी आल्होलाने फिनलंडमधल्या सालो गावच्या बाजारचौकातल्या रेबवारच्या फोनदुरुस्तीच्या दुकानात मोजून दिली आणि नवऱ्याच्या नऊ वर्षे जुन्या फोनमध्ये नवी बॅटरी बसवून घेतली. फोन विकायला काढला असता तर तेवढेही आले नसते. रेबवारने ते आधीच सांगून टाकले होते.

"मावशी, म्हाताऱ्या बैलावर नवी झूल घालताय. आणखी थोडे टाका, चांगला वापरलेला फोन देतो."

"बैल माझा नाही, आउलिसचा आहे," हेल्लेवी म्हणाली. "आणि माझ्या नवऱ्याला दुसऱ्या बैलाशी बोलता येत नाही."

हे खरेच होते. आउलिसने उमेदीची सारी वर्षे सालो ते तुर्कू बस चालवण्यात घालवली. कोणत्या थांब्यावर कोणती म्हातारी चढणार आणि कोणाकडे सुटे पैसे नसणार, हे त्याला तोंडपाठ असे. मागच्या हिवाळ्यापासून मात्र त्याच्या डोक्यातले एकेक पान गळायला लागले. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग कॉफीच्या डब्याची जागा. नाताळात मुलीने, मारितने, नवाकोरा फोन आणला, तर तो आउलिसने तीन दिवस उलटाच धरला आणि चौथ्या दिवशी पावाच्या डब्यात ठेवून दिला. जुना फोन मात्र त्याच्या बोटांना पाठ होता. डोके विसरले तरी बोटे विसरत नव्हती. म्हणून जुना फोन जगवायचा होता.

कारण होते अळंबीचे. घरामागच्या कुंपणापलीकडे जंगल सुरू होते, आणि पानगळीच्या दिवसांत आउलिस टोपली घेऊन तिथे जाई. कुठे जातो ते कोणाला ठाऊक नव्हते. आपली अळंबीची जागा माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही. पगार विचारावा, वजन विचारावे, पण हे विचारू नये. लग्नाला एवढी वर्षे झाली, पण हेल्लेवीनेही कधी विचारले नव्हते. टोपली भरून येते ना, मग झाले.

यंदा मारितने अट घातली. बाबा कुठे आहेत हे आई आणि ती दोघींना आपापल्या फोनवर दिसले पाहिजे. नकाशावर एक निळा ठिपका.

"यात अळंबीपण दिसते का गं?" आउलिसने संशयाने विचारले होते.

"नाही बाबा, फक्त तुम्ही दिसता."

"मी जिथे उभा, तिथेच अळंबी. तू मला बावळट समजतेस?"

तरीही तो कबूल झाला. पण ठिपका भर दुपारी विझायला लागला, कारण फोनच बंद पडत होता. दोनदा असे झाल्यावर मारितने ताम्पेरेहून फोन करून सांगितले, "आई, आता तिसऱ्यांदा झालं तर जंगल बंद. दिवसभर तिथल्या वृद्धांच्या केंद्रात बसू देत. गाणी म्हणतात, रंगीत कागद कापतात, गरम जेवण मिळतं."

"रंगीत कागद?" हेल्लेवी म्हणाली. "तुझ्या बापाला?"

"मग काय करू? सापडलेच नाहीत तर?"

म्हणून नवी बॅटरी.

सोमवारी आउलिस नवी बॅटरी घेऊन जंगलात गेला, आणि जेवणवेळ टळते न टळते तोच ठिपका विझला. हेल्लेवी खिडकीशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो फाटकातून आत आला, टोपली भरलेली, खांद्यावर कोळिष्टक. संध्याकाळी तिने मारितला काही कळवले नाही. कळवले नाही म्हणजे खोटे बोलले नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

आता हेल्लेवीला बॅटरी हा विषय परका नव्हता. सालोच्या फोन कारखान्यात ती नव्वदच्या सुमारास बॅटरीच्या खोलीत होती, पुढे पाठवणी विभागात गेली आणि कारखाना बंद होईपर्यंत तिथेच राहिली. बॅटरीच्या खोलीतला नियम तिच्या हाडात मुरला होता. बॅटरी आधी पूर्ण रिकामी करायची, मग रात्रभर पूर्ण भरायची. अर्धवट भरलेली बॅटरी आळशी होते. तिने तसेच केले. मंगळवारी तिने फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर नुसता ठेवला आणि कधी संपतो ते पाहत बसली. संपेना. बुधवारी सकाळीसुद्धा त्यात निम्म्याहून जास्त शिल्लक. टेबलावर दोन दिवस पुरणार आणि जंगलात अर्धाच दिवस? बॅटरी तीच, फोन तोच. जमा दिसते, खर्च दिसतो, पण शिल्लक जुळत नाही, तसा हा प्रकार.

तिने खर्च आवळायला घेतला. पडद्याचा उजेड अगदी कमी केला. पडदा क्षणात झोपेल असे केले. कंपने, आवाज, आपोआप येणाऱ्या बातम्या, सगळे बंद. ठिपका तेवढा चालू ठेवला. मग सेटिंगमध्ये शोधता शोधता एक यादी सापडली. कोणी किती बॅटरी खाल्ली याची. ठिपक्याच्या नावावर किरकोळ खर्च होता. सर्वात वर होता कॅमेरा. जवळजवळ निम्मी बॅटरी त्याने एकट्याने गट्ट केली होती.

हेल्लेवीने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग फोटोंचा अल्बम उघडला. तो रिकामा होता. एकही फोटो नाही.

"आउलिस, तू जंगलात फोटो काढतोस का रे?"

"कशाचे?"

"अळंबीचे."

"अळंबी खायची असते," तो म्हणाला, आणि बटाट्याच्या साली काढत राहिला.

ती फोन घेऊन पुन्हा रेबवारकडे गेली. त्याने फोन आपल्या यंत्राला जोडला, आकडे पाहिले आणि मान हलवली.

"बॅटरी शंभर टक्के ठणठणीत आहे, मावशी. खाणारा कॅमेरा आहे."

"पण तो कॅमेरा उघडतच नाही. फोटो कुठे आहेत, दाखव."

"मग फोन खोटं बोलतोय?"

"तूच सांग. आमच्या वेळच्या फोनमध्ये कॅमेराच नव्हता. खोटं बोलायला कोणी नव्हतंच."

रेबवार हसला. "आमच्या कुर्दिस्तानात, सुलेमानियेत, एक म्हण आहे..."

"म्हण नको, बॅटरी दे."

"बॅटरी दिली की! आणखी किती देऊ?"

ती परतली ती आणखी गोंधळून. फोन खोटा असेल तर ठिपकाही खोटा. फोन खरा असेल तर आउलिस खोटा. आणि दोघेही खरे असतील तर मग वेड आपल्यालाच लागले आहे की काय, असेही तिच्या मनात येऊन गेले.

गुरुवारी संध्याकाळी मारितचा फोन आला. "आई, सोमवारी ठिपका गेला होता. मी पाहिलं. तू बोलली नाहीस."

हेल्लेवीने ओट्यावरचा कप विसळायला घेतला.

"मी शनिवारी येते. केंद्रात बोलून घेऊ."

राहिला शुक्रवार. त्या दिवशी हेल्लेवीने जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. ती नवऱ्याच्या मागोमाग जंगलात गेली. अळंबीला निघालेल्या माणसाचा माग काढायचा म्हणजे चोरी करायला निघाल्यासारखेच. रबरी बुटांचा आवाज होऊ नये म्हणून ती शेवाळावरून चालली. वाटेत कोणी भेटले असते तर तिने सांगायला लिंगोनची, म्हणजे आंबट लाल रानफळे वेचायला आल्याची, सबब तयार ठेवली होती. हातात डबाही घेतला होता.

दुभंगलेल्या मोठ्या धोंड्यापाशी आउलिस थांबला. खिशातून फोन काढला, धोंड्यासमोर धरला. पुढे पडलेल्या सूचिपर्णी झाडापाशी पुन्हा तेच. मग ओढ्यावरच्या फळीपाशी. मग एका भूर्जाशी, ज्यात हेल्लेवीला विशेष असे काहीच दिसेना. प्रत्येक फोटोआधी तो पडदा डोळ्यांशी नेऊन बराच वेळ न्याहाळत होता. डोकं पार गेलं याचं, असे तिला वाटले. धोंड्यांचे फोटो कोण काढतो?

मग उतार आला. तिथे आउलिस गुडघ्यांवर बसला आणि त्याचे हात असे चालू लागले की हेल्लेवी पाहतच राहिली. शेवाळात बोटे घालायची, देठ कापायचा, माती झटकायची, टोपलीत टाकायचे. कुठे अडखळणे नाही. तो कसलेसे गाणेही गुणगुणत होता. हा माणूस रंगीत कागद कापणार होता.

परत निघाल्यावर त्याने फोन पुन्हा काढला. भूर्जासमोर उभा राहिला, पडद्याकडे पाहिले, भूर्जाकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे. मान डोलावली आणि पुढे चालू लागला. फळीपाशी पुन्हा तसेच. आता तिला उलगडले. जाताना काढलेले फोटो म्हणजे त्याची परतीची वाट होती.

पडलेल्या झाडापाशी मात्र गाडी अडली. पडदा झोपला. त्याने उठवला. पुन्हा झोपला. त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला, टोपीची सावली करून फोन नाकाशी नेला. काही दिसेना. तो उजवीकडे गेला, परत आला, डावीकडे गेला, परत आला. पडद्याचा उजेड कोणी कमी केला होता, पडद्याला झोपायची घाई कोणी लावली होती, ते हेल्लेवीला ठाऊक होते. मग फोन पुरताच बंद पडला. आउलिसने तो झटकला, शर्टाच्या आत छातीशी धरला, आणि नुसता उभा राहिला.

हेल्लेवी झाडाआडून बाहेर आली.

"कोण आहे?"

"मी आहे."

त्याने तिला पाहिले, तिच्या हातातला डबा पाहिला. "हेल्लेवी! तू माझ्या अळंबीवर आलीस?"

"लिंगोनला आले होते."

"इथे लिंगोन नाहीत. कधीच नव्हते."

"बरं. तुझ्या मागे आले होते."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना."

तो थोडा वेळ रागावलेला राहिला, मग राग कशासाठी हेच विसरल्यासारखा झाला. फोन पुढे करून म्हणाला, "यात अंधार कोणी केला? आधी दिसायचं."

"मी केला. बॅटरी वाचावी म्हणून."

"वाचली?"

"नाही."

"मग?" आउलिस मोठ्याने हसला. "कारखान्यात होतीस म्हणे!"

"फोटो नंतर कुठे जातात रे?"

"पुसतो. फाटकापाशी."

"का?"

"मारित बघेल."

"बघितलं तर काय?"

"जागा कळेल ना तिला," आउलिस म्हणाला. तो एवढेच बोलला, आणि बोलताना त्याने तिच्याकडे पाहिले नाही. जागा अळंबीची, की वाट हरवणाऱ्या माणसाची, हे हेल्लेवीला कळले नाही. विचारावेसेही वाटले नाही. ती दुभंगलेल्या धोंड्याच्या दिशेने चालू लागली आणि तो तिच्या मागोमाग आला.

घरी आल्यावर तिने केलेली सगळी काटकसर उलटी फिरवली. उजेड पूर्ण, पडद्याला झोप नाही. आता बॅटरी आणखी लवकर संपणार हे सांगायला कारखान्याची गरज नव्हती. दुकान बंद व्हायच्या आत ती रेबवारकडे पोचली. त्याने फळीवरून विटेएवढी बाहेरून जोडायची बॅटरी काढली. हेल्लेवी घाईत पाकीट घरीच विसरली होती.

"असू दे मावशी, सावकाश द्या. पण बैलाला आता दोन झुली झाल्या."

शनिवारी मारित आली तेव्हा आउलिस निघूनही गेला होता. वीट टोपलीच्या तळाशी, वायर बाहीतून वर. मायलेकी टेबलाशी बसल्या. मारितने फोन कॉफीच्या कपाला टेकवून ठेवला होता. निळा ठिपका सरके, थांबे, पुन्हा सरके.

"बाबा सारखे का थांबतात गं?"

हेल्लेवीने दालचिनीच्या गोड पावाचा तुकडा मोडला. सांगितले तर मारितला कळणार होते की बाबा वाट विसरतात. न सांगितले तर कळणार नव्हते की बाबा वाट शोधूनही काढतात. दोन्हींत खरे जास्त कुठले, याचा तिला हिशेब लागेना.

"वेचतोय," ती म्हणाली.

दुपार झाली. ठिपका तेवत राहिला. मारित केंद्राचा नंबर काढून बसली होती, पण तिने फोन लावला नाही. ठिपका कुंपणाशी आला, तिथे बराच वेळ थांबला, आणि मग दार वाजले.

"कोणी आलंय का?" आउलिसने दारातूनच विचारले. मग मुलीला पाहून टोपलीवर जाकीट टाकले.

"या हंगामापुरतं चालू दे," मारित जाताना आईला म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी काय बघायचे, हे दोघींनाही ठाऊक नव्हते. अळंबी साफ करता करता हेल्लेवी विचार करत राहिली. आपण बॅटरीचे आयुष्य वाढवले की नाही? आकड्यांत पाहिले तर नाही. फोन पूर्वीपेक्षा लवकर संपतो, एवढेच की संपला तरी टोपलीत दुसरा साठा असतो. तो साठा कोणाला पुरतोय, फोनला की माणसाला, आणि कधीपर्यंत, हे मोजायचे यंत्र रेबवारकडेही नव्हते.

रेबवारचे चौदा युरो अजून द्यायचे आहेत.