दाखवायची खोली

प्रेमिलाबाईंना कोणी विचारलं, तुमची नोकरी कसली, तर त्या सरळ सांगतात, "काचा धुते." कागदावरचं पद प्रयोगशाळा परिचर. नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात त्यांना सव्वीस वर्षं झाली. विद्यापीठाचं नाव कशाला घ्या? इभ्रत आपल्याकडे फार लवकर दुखते. बायकांचं पोट दुखलं तर मात्र कोणाला पत्ता नसतो.

त्या रुजू झाल्या तेव्हा विभागातल्या पहिल्या बाई परिचर. "बाईले ॲसिडच्या बाटल्या झेपतीन का?" असं तेव्हाच्या एका जुन्या परिचराने तोंडावर विचारलं होतं. प्रेमिलाबाईंनी पदर खोचला, जिन्याखालचं खोकं उचललं आणि दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. झेपलं. पुढेही सगळं झेपलं. सक्करदऱ्याहून आधी सायकल, मग स्कूटी. नवरा मधुकरराव बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात, त्यांच्या बदलत्या पाळ्या. दोन लेकींची शिक्षणं, लग्नं. एकच गोष्ट काही झेपली नाही. त्यांच्या इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता.

म्हणजे होता हो! पहिल्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. पण अकरा वर्षांपूर्वी परीक्षा विभागाला जागा कमी पडली आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथे आणून टाकले. "आठ दिवसांचा प्रश्न आहे, प्रेमिलाबाई," असं साहेब म्हणाले होते. ते साहेब निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचेही झाले, गठ्ठे तिथेच. पुरुषांचे दोन्ही संडास मात्र जागच्या जागी. त्यात गठ्ठे ठेवायचं कोणाला सुचलं नाही, बघा!

मग बायकांनी जायचं कुठे? ग्रंथालयाच्या इमारतीत. कँटीनच्या समोरून, मैदान ओलांडून, जायला सात मिनिटं, यायला सात. प्रॅक्टिकल चालू असताना चौदा मिनिटं कोण सोडतं? म्हणून पोरींनी आपला उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. हे कोणी शिकवत नाही, दर वर्षीची नवी बॅच आपोआप शिकते. प्रेमिलाबाई चार वाजता प्रयोगशाळा आवरायच्या तेव्हा ओट्यावर पाण्याच्या बाटल्या दिसायच्या, सकाळी भरलेल्या, तशाच्या तशा. नागपूरच्या उन्हाळ्यात. त्यांचं डोकं फिरायचं.

दर जूनमध्ये त्या एक अर्ज करायच्या. स्वतःच्या हाताने, रेघा असलेल्या कागदावर. आवक विभागातला गिरिधर त्यावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि प्रत परत द्यायचा. असे अकरा अर्ज, अकरा नंबर. उत्तर एकाचंही नाही.

यंदा मार्चमध्ये रितिका पडली. एम.एस्सी.ची पोरगी, कोराडीहून बसने यायची, सकाळी सातला घर सोडायची ते संध्याकाळीच परत. भर प्रॅक्टिकलमध्ये पोट धरून खाली बसली आणि उठलीच नाही. प्रेमिलाबाईंनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. लघवीचा संसर्ग पार मूत्रपिंडापर्यंत गेलेला. पाच दिवस सलाईन. दोन प्रात्यक्षिक परीक्षा बुडाल्या, त्या आता पुढच्या सत्रात द्यायच्या. पोरगी परत आली ती अर्धी होऊन, आणि बाटली पुन्हा भरलेलीच.

"पाणी काहून पीत नाही वं?" प्रेमिलाबाई ओरडल्याच. "डॉक्टरनं काय सांगतलं होतं तुले?"

"काकू, पिऊ तर जाऊ कुठं?" रितिका म्हणाली.

प्रेमिलाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. अकरा अर्ज केले, आता पुरे झालं, असं मनात येऊन गेलं होतं म्हणून.

आणि मग अचानक चमत्कार झाला. तपासणी समिती येणार म्हणून पत्र आलं. चार दिवसांत गठ्ठे बाहेर, नव्या फरशा आत. आरसा लागला, बेसिन लागलं, दारावर पितळी पाटी लागली, कोपऱ्यात प्लास्टिकची फुलंसुद्धा! प्रेमिलाबाईंनी घरी जाताना संत्रा बर्फी घेतली. मधुकररावांच्या हातावर ठेवत म्हणाल्या, "झालं बाप्पा एकदाचं." खोलीला नवं कुलूप होतं, पण विभागप्रमुख देशकर सर म्हणाले, "समिती येईपर्यंत घाण नको व्हायला." तेही पटलं.

समितीच्या दिवसासाठी सगळ्या बायकांना हुकूम सुटला, मोरपंखी साडी नेसून या. प्राध्यापिका असो की परिचर, स्वागत, औक्षण, रांगोळी बायकांकडे. खुर्च्या, भाषणं पुरुषांकडे. दर वेळी असंच. प्रेमिलाबाईंनी मुलीची साडी मागून आणली. सकाळी गिरिधर समितीला द्यायची फाईल घेऊन चालला होता, त्याने हसत पान दाखवलं. "बाई, तुमचं नाव झालं ना! पाहा."

त्यात लिहिलं होतं: महिलांकडून प्राप्त सूचना अकरा. निकाली काढलेल्या सूचना अकरा.

"कवा निकाली काढल्या गा?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"ते मले काय माहीत? मी टाईप करतो फक्त."

बाईंच्या हातात औक्षणाचं ताट होतं. खाली ठेवावं तर पाहुणे दारात. त्या तशाच ताट घेऊन दाराकडे वळल्या.

समितीत बाहेरगावच्या एक वयस्कर मॅडम होत्या. सगळं बघून झाल्यावर देशकर सरांनी त्या खोलीपुढे सगळ्यांना थांबवलं आणि कुलूप काढलं. "विद्यार्थिनींच्या आरोग्याला आमचं प्रथम प्राधान्य." फोटो निघाले. मॅडम म्हणाल्या, "छान. तुम्ही पुढे व्हा, मी जाऊन येते."

देशकर सरांचा चेहरा पडला. मॅडम आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "अहो, नळाला पाणी नाही."

पाणी कुठून येणार? जुना पाइप केव्हाच कापून टाकलेला. चार दिवसांत फरशा आल्या, आरसा आला, फुलं आली. कोणी आत जाऊन बसेल हे काही कोणाच्या डोक्यात आलं नाही! देशकर सर काहीतरी पुटपुटले, आजच बिघाड झाला, दुरुस्ती चालू आहे. आणि ताट धरून मागे उभ्या असलेल्या प्रेमिलाबाईंच्या तोंडून निघून गेलं,

"मॅडम, ही वापरायची खोली नाही. ही दाखवायची खोली आहे. अकरा वर्षांपासून सांगून राहिली मी."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कोणाला कळलं नाही. त्या गेल्या, आणि संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलाबाई कामावर येतात तर काय, खाली हातगाडी उभी. गाडीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. वर दोन हमाल कुलूप उघडून गठ्ठे आत न्यायच्या तयारीत. बाईंच्या अंगाचा नुसता भडका उडाला. प्रयोगशाळेतलं लोखंडी स्टूल त्यांनी ओढत आणलं, त्या दारात मधोमध ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"बाजूला व्हा ना, बाई."

"नाही होत."

"साहेबाचा आदेश आहे."

"मंग साहेबालेच गठ्ठे घेऊन पाठव इथं."

हमाल गाडी सोडून चहाला गेले. बाई बसून राहिल्या. सव्वीस वर्षं मान खाली घालून काचा धुतल्या आणि शेवटी बसायला जागा मिळाली ती संडासाच्या दारात, या विचाराने त्यांना रडू आलं आणि स्वतःचाच रागही आला. इतक्यात रितिका दिसली. प्रयोगशाळेच्या नळावरून भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून आणत होती, मागे अजून दोघी, त्यांच्याही हातात बादल्या. बाईंनी स्टूल जरा सरकवलं. पोरगी आत गेली, दार लागलं. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. बाई तोंड फिरवून बसल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरींना बादल्या वाहाव्या लागतात, यात आनंद तरी कसला मानायचा?

दुपारी गिरिधर आला. हातात पाकीट. "बाई, कारणे दाखवा नोटीस आहे. कामाची जागा सोडली म्हणून. तीन दिवसांत उत्तर मागतलं."

"तीन दिवस कायले? पेन दे."

तिथेच, मांडीवर कागद ठेवून, बाईंनी नोटिशीच्या मागच्या बाजूवर लिहिलं आणि सही केली. गिरिधरने वाचलं. एकच ओळ होती: नळाला पाणी आलं की उठेन.

"असं कसं देता बाई? याले आवक नंबर टाका लागते."

"टाक ना मंग. बारावा हाये," प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि आत जाणाऱ्या पोरीसाठी त्यांनी पुन्हा स्टूल सरकवलं.