अळणीमामा आणि चौदा नंबरची खाट

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात त्यांना सगळे अळणीमामा म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते उघड होतं. एकशे वीस रुग्णांचं जेवण मामांच्या हातचं आणि त्यातल्या निम्म्यांना मीठ बेताचं. घरी मामी म्हणायच्या, "जगाला अळणी वाढता आणि घरात पाऊल टाकलं की मिठाची बरणी मागता."

आधी पंधरा वर्षं मामा हमरस्त्यावरच्या एका खानावळीत होते. तिथे त्यांच्या रश्श्याने लोकांच्या नाका-डोळ्यांतून पाणी यायचं आणि लोक आणखी मागायचे. मग गुडघे बोलायला लागले. सोळा-सोळा तास उभं राहणं जमेना, म्हणून ओळखीने दवाखान्यात लागले. पहिला महिना त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. आहारतज्ज्ञ बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्या चमचा हातात घेऊन तेल मोजायच्या. पण मामा हट्टी होते. मीठ कमी तर कमी, चव का कमी असावी, असं म्हणत त्यांनी कांदा मंद आचेवर तपकिरी करून पाहिला, जिरं भाजून कुटून घातलं, उतरवताना लिंबू पिळलं. हळूहळू रिकामी ताटं खाली यायला लागली.

ताट परत कसं येतं यावर मामांचं बारीक लक्ष असे. दुपारी दीडला ताटांची गाडी आली की स्वतः झाकणं उघडून बघायचे. प्रत्येक ताटावर खाटेच्या नंबरची चिठ्ठी. वॉर्डात ते कधी गेले नव्हते, पण सहा नंबरला भोपळा चालत नाही आणि एकवीस नंबर डाळ पिऊन भात ठेवतो, हे त्यांना पाठ होतं.

नोकरीच्या अकराव्या वर्षी चौदा नंबरचं ताट चार दिवस जसंच्या तसं परत आलं. भाताला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

"चौदा नंबरला कोण आहे?" मामांनी गाडी ढकलणाऱ्या मावशींना विचारलं.

"परदेशातली आजी आहे. मुलाकडे राहायला आली आणि न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलंय. तिची भाषा कुणाला कळत नाही. मुलगा जहाजावर असतो. शेजाऱ्यांनी आणून टाकलं."

"मुलाला फोन केला?"

"केला की सिस्टरांनी. म्हणाला, आई काहीही खाते, काहीही द्या."

मामा हसले. आई काय खाते हे बऱ्याच मुलांना ठाऊक नसतं. आईने वाढलेलं आपण काय खातो, तेवढंच त्यांना ठाऊक असतं.

"उद्या नाकातून नळी घालणार म्हणे," मावशी म्हणाल्या. "शस्त्रक्रिया व्हायची तर अंगात ताकद नको का."

मामांनी अॅप्रन काढला. एका मोठ्या ताटात वाट्या मांडल्या आणि कोठीतलं थोडं थोडं काढलं: तांदूळ, गहू, जव, मका, दोन तऱ्हेच्या डाळी, एक अंडं, एक बटाटा, कांदा, कोबीचं पान, दूध, दही. वर रुमाल टाकला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते जिना चढून वॉर्डात गेले.

आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बारीक चणीच्या, केसांची पातळ वेणी. मामांनी स्टूल ओढलं, ताट मांडीवर घेतलं आणि रुमाल काढला. आजींनी आधी मामांकडे पाहिलं, मग ताटाकडे. मग त्यांनी हात लांब केला, तांदळाची वाटी बाजूला सारली, मक्याची सारली आणि जवात बोटं घातली. मूठभर दाणे नाकाशी नेले. तोंड वाकडं केलं.

"कच्चे आहेत म्हणून?" मामांनी विचारलं आणि हाताने कढईत परतल्यासारखं केलं.

आजींनी मान डोलावली. मग तळहातावर तळहात घासला, म्हणजे भरडायचं. दह्याच्या वाटीवर बोट टेकवलं. कांद्यावर टेकवलं. आणि पळीने ढवळल्यासारखा हात हवेत फिरवला, बराच वेळ.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना जवाचं पाणी देत असल्यामुळे कोठीत जव भरपूर होते. मामांनी लोखंडी कढईत ते भाजले, जाडसर भरडले, पाण्यात शिजवले. दही घुसळून घातलं, वर कांदा. वाटी घेऊन वर गेले. आजींनी चमचा उभा केला. तो उभाच राहिला. त्यांनी वाटी परत दिली.

दुसऱ्या वेळी मामांनी पातळ केलं. आजींनी एक चमचा घेतला, जीभ टाळ्याला लावून पाहिली आणि नुसताच श्वास ओढून दाखवला. म्हणजे वास नाही. जव कमी भाजलेत.

"आजी पक्क्या आहेत," मामा खाली येऊन म्हणाले. "खानावळीच्या मालकानेसुद्धा माझं रांधलेलं दोनदा परत केलं नव्हतं."

तिसऱ्यांदा त्यांनी दाणे गडद होऊन तडतडेपर्यंत भाजले. आजींनी वाटी दोन्ही हातांत धरली, चमचा बाजूला ठेवला आणि तोंड लावून सगळी संपवली. मग रिकामी वाटी पुढे केली. सिस्टर दारातून बघत होत्या. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, आता नळी घालायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी मामांना बोलावलं. कच्चं धान्य वॉर्डात नेणं नियमात बसत नव्हतं आणि आहाराच्या तक्त्याबाहेरचा पदार्थ रुग्णाला देणं तर अजिबातच नाही. लेखी खुलासा मागितला. मामांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या: "चौदा नंबरच्या आजी चार दिवस जेवल्या नव्हत्या. म्हणून वर गेलो."

"एवढंच?" अधीक्षक म्हणाले.

"एवढंच झालं, साहेब."

आहारतज्ज्ञ बाई तिथेच बसल्या होत्या. मामांना वाटलं, आता ही पोरगी आपल्याला बुडवणार. पण बाई म्हणाल्या, "धान्य वर न्यायला नको होतं, हे खरं. मला विचारायलाही हवं होतं. पण जव, दही, कांदा, यात वाईट काय आहे? पडून असलेल्या माणसाचं पोट साफ राहतं. चूक असलीच तर माझी आहे. मी त्यांना काय चालत नाही ते लिहून घेतलं, त्या घरी काय खातात ते विचारलंच नाही."

अधीक्षकांनी समज देऊन प्रकरण मिटवलं. महिन्याभरात भरती होतानाच्या कागदावर एक ओळ वाढली: घरी रोज सकाळी काय खाता?

उत्तरं वाचायला मामांना मजा यायची. एका माळ्याला पालेभाजीचं नुसतं पाणी लागायचं, गरम. दूर देशातून आलेल्या एका मास्तरांना उकडलेला बटाटा थंड करून दह्याबरोबर हवा होता. एक बाई डाळ सकाळी खायची आणि रात्री फक्त फळं. एका ठेकेदाराने तळलेलं मटण लिहिलं. त्याला उकडलेली भाजी मिळाली आणि तो तीन दिवस घुश्शात होता. सगळ्यांचं सगळं करणं शक्य नव्हतंच. पण मामांच्या एक ध्यानात आलं, की माणसं कुठलीही असोत, रोजचं खाणं बहुतेकांचं साधंच असतं: एखादं धान्य, थोडं आंबट, थोडं हिरवं. बाकीचं पाहुण्यांसाठी.

आजींची शस्त्रक्रिया आठव्या दिवशी झाली. पाचव्या आठवड्यात त्या वॉकर धरून चालायला लागल्या आणि एका सकाळी मावशींना घेऊन लिफ्टने थेट स्वयंपाकघरात आल्या. कढई पाहिली, पळी पाहिली, आच बारीक केली आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. मामा म्हणाले, "मला शाबासकी दिली की माझी चूक सुधारली, देव जाणे."

घरी न्यायला मुलगा आला, जहाजावरून सुट्टी घेऊन. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने आभार मानले. मामांनी त्याच्याही पुढे वाटी ठेवली. त्याने एक घोट घेतला आणि चेहरा आंबट केला.

"आई हे रोज करायची," तो म्हणाला. "मला कधीच आवडलं नाही."

मामांनी वाटी ओढून घेतली आणि उरलेलं स्वतःच पिऊन टाकलं. नंतर त्यांनी मुलाला कागदावर चित्रं काढून दिली: दाणे किती भाजायचे, पाणी किती, दही कधी. मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला. आजी दारापर्यंत स्वतः चालत गेल्या.