घरमालकांचा शनिवार

आमच्या घरमालकांइतका कामसू माणूस उभ्या मिरजेत सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका बिनकामाचाही नाही. फक्त वार बघून जावं लागतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना रविवार ते शुक्रवार हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. आमचा चांगला चालणारा मिक्सर त्यांनी दोनदा उघडला आहे. एकदा मी दाढी करत असताना, "नळ गळतोय जरा," म्हणत पान्हा घेऊन थेट आत आले, आणि मी तोंडाला फेस लावून अर्धा तास पाण्याची वाट बघत उभा! शुक्रवारी दुपारी तर त्यांच्या अंगात येई. घर ज्यूंचं. काळ्या मनुका भिजवून त्यांच्या सरबतावर प्रार्थना म्हणायची, त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, काचेच्या पेल्यातला तेलाचा दिवा लावायचा, की शब्बाथ, म्हणजे कामाला हात न लावायचा त्यांचा दिवस, सुरू. हे सगळं सूर्य मावळायच्या आत. त्यामुळे कॅलेंडर हातात धरून हे काकूंच्या मागे, "अगं, मनुका कुस्कर की! सूर्य काय तुझ्यासाठी थांबनार हाय व्हय?" काकू शांतपणे म्हणत, "चाळीस वर्षांत कवा चुकलाय का दिवा?"

आणि दिवा लागला, की हाच माणूस शनिवार मावळेपर्यंत संस्थानिक. पान्ह्याला हात लावणार नाही, काडेपेटीला नाही, विजेच्या बटणाला नाही. बरं, दुसऱ्याला "हे कर" असंही सांगायचं नाही, फार तर सुचवायचं. मी नवा भाडेकरू असताना मे महिन्यातल्या शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि बंद पंख्याकडे बघत म्हणाले, "लय उकडतंय, न्हाई?" मी म्हटलं, "मे महिना आहे, चालायचंच," आणि घरी येऊन आमच्या पंख्याखाली झोपलो. माझ्याविषयीचं त्यांचं मत मग रविवारी काकूंकडून कळलं : "मानूस सरळ हाय, पन डोस्क्यानं जरा कमी."

गेल्या हिवाळ्यात, एका बुधवारी काकू गेल्या. पुण्याला दफन करून ते परत आले आणि जमिनीवर बसले. सात दिवस असं बसून शोक करायची त्यांची रीत. लेक इस्रायलमध्ये, तिला लगेच निघता येईना. शुक्रवारी दुपारी मी आणि माझी बायको डबा घेऊन गेलो, तर हे अंघोळ करून, पांढरेशुभ्र कपडे घालून उभे! खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. माणूस जाऊन दोन दिवस झाले नव्हते.

पेल्यात पाणी आणि त्यावर तेल घालून ते वात उभी करायला बघत होते. सिग्नलच्या तारा जुळवलेले हात, पण वात सारखी पडत होती. माझी बायको पुढं झाली, तसे म्हणाले, "राहू दे पोरी, मलाच शिकाय पायजे आता." चौथ्या खेपेला दिवा लागला. डोळे मात्र कोरडे. मला राहवलं नाही. "काका, मोकळे व्हा, रडा थोडं," मी म्हणालो.

"आज न्हाई रडायचं," ते म्हणाले. "सहा दिस जग मोडकं असतंय, आपन दुरुस्त करत बसायचं. शब्बाथला काईबी मोडलेलं न्हाई असं धरून बसायचं. आजच्याला ती गेलेली न्हाई."

मग त्यांनी सरबताचा प्याला उचलून प्रार्थना म्हटली, आणि शेवटी जिथं काकू "आमेन" म्हणत तिथं थांबले. आम्ही दोघांनी ते चाचरत म्हटलं. मला इतकं भरून आलं की त्यांना डबा उघडून वाढायचंही विसरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी पायरीवर जाऊन बसलो. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, मग पुन्हा जमिनीवर बसायचं, पुन्हा शोक. ते मान वर करून बघत होते. समोरच्या घरांतले दिवे लागले, पोरं खेळून घरी गेली, तरी ते उठेनात.

"काका, किती झाले?" मी हळूच विचारलं.

"दोनच हायत अजून."

मी वर बघितलं. निरभ्र आभाळ ताऱ्यांनी भरून गेलं होतं.

"हो, दोनच," मी म्हणालो, आणि आम्ही बसून राहिलो.