बॉनेटला हात लावायचा नाही

आपली गाडी मधूनच हटून बसायची, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल. पण बाबांना अर्धंच ठाऊक आहे, म्हणून मी नीट लिहिते.

मंगळवारी आणि शुक्रवारी आजोबांचं डायलिसिस असतं. वडवणीहून निघून दहाच्या आत अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोहोचायचं. गाडी मीच चालवते. दिवाळीनंतर असं होऊ लागलं की किल्ली फिरवली की नुसतं टक् वाजायचं, समोरचे दिवे मंदावायचे आणि सगळं गप्प. थोड्या वेळाने काही घडलंच नाही अशा थाटात गाडी सुरू. गॅरेजात नेली तर पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी शहाणी. मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी. त्याने आधी बॅटरी बदलली, मग इंजिन फिरवणारा सेल्फ उतरवून साफ केला. आठवडाभर बरं चाललं, पुन्हा टक्.

तुमच्या बाबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, एक जरी डायलिसिस चुकलं तर घराला कुलूप लावून दोघांनी तुमच्याकडे राहायला यायचं.  तेव्हापासून आजोबा रोज संध्याकाळी मित्रांकडे जाताना फाटकाशी थांबून गाडीकडे एकदा बघायचे.

मी वही घातली. तारीख, हवा, गाडी कुठे उभी होती, दिवे कसे होते, आणि शेवटचा रकाना, सुरू कशी झाली. मेकॅनिकने वही चाळून विचारलं, "बाई, आता गाडीची बी हजेरी घ्यायलात का?"

घेत होते, आणि उपयोगही झाला. शेवटच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच मजकूर होता. कधी आजोबांनी, कधी शेजाऱ्यांनी बॉनेट उघडून वायरी हलवल्या, मग सुरू झाली. म्हणजे बिघाड हाताला लागण्याइतका जवळ होता, आणि आम्हीच तो दर वेळी हलवून पुसून टाकत होतो. मेकॅनिकपुढे जायची ती बरी झालेली गाडी. त्याला तरी काय सापडणार? मी घरात नियम केला, पुढच्या वेळी तो येईपर्यंत कुणी बॉनेट उघडायचं नाही. त्यासाठी डायलिसिसच्या दिवशी तासभर आधी निघायची तयारी ठेवली.

पुढची वेळ नेमकी शुक्रवारी आली. टक्. मी मेकॅनिकला फोन केला. आजोबा पिशवी खाली ठेवून पुढे सरकलेच होते.

"बॉनेटला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"अगं, हलवली की होतीय सुरू. दहाची वेळ हुकली तर?"

"आज हलवली तर मंगळवारी पुन्हा हेच."

ते पायरीवर बसले आणि घड्याळ बघत राहिले. ती वीस मिनिटं मलाही जड गेली.

मेकॅनिकने आल्या आल्या एक जाड केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावलं. मी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष. दोष होता तो बॅटरीची अर्थिंगची, म्हणजे वीज परत बॅटरीकडे नेणारी, वायर गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे. त्याने बोल्ट काढला. खाली गंज, त्यात वाळलेलं कुंकू आणि तांदळाचे दोन दाणे.

"बाई, हे तांदूळ कुनाचे?"

माझे. बॅटरी म्हणजे गाडीचा जीव, म्हणून दर दसऱ्याला मी तिथेच हळद-कुंकू, अक्षता वाहून वर नारळाचं पाणी शिंपडत आले होते.

आजोबांनी दाणे निरखून पाहिले. "तुझ्या वहीत ह्याचा रकाना न्हाई वाटतं," ते म्हणाले, आणि पोट धरून हसले.

मेकॅनिकने पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, बोल्ट घट्ट आवळला, वर ग्रीस लावलं. आम्ही दहाला पाच कमी असताना पोहोचलो. त्यानंतर आजपर्यंत टक् नाही. यंदा दसऱ्याला कुंकू स्टिअरिंगला लावलं, नारळ चार हात लांब फोडला.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आजोबा मित्रांकडे निघाले. फाटकाशी थांबले नाहीत, गाडीकडे बघितलंही नाही. मी वहीत तेवढंच लिहिलं.