पिंपळनेरची गाडी

आमच्या घरमालकांनी पुकारलं की दुखणंसुद्धा निमूट रांगेत उभं राहायचं, हे मी माझ्या दहाही बोटांची शपथ घेऊन सांगते. धुळ्याच्या स्टँडवर त्यांनी आयुष्यभर गाड्या पुकारल्या. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणे. नोकरीतून आबा निवृत्त झाले, आवाज मात्र झाला नाही. घरात चहा झाला की तो ओट्यावर 'लागायचा', आणि पाहुणे उठायचं नाव घेईनात तर आबा त्यांच्या गावची शेवटची गाडी पुकारायचे. पाहुणे दचकून चपला शोधायला लागायचे.

घरी गप्प बसवेना, म्हणून जळगावला जाऊन ते संमोहन-उपचाराचा वर्ग करून आले आणि आल्या आल्या तिथल्या गुरुजींवर चिडले. "डोळे मिटा, समोर समुद्र पाहा म्हणे! अहो, धुळ्याच्या माणसाला एवढं पाणी दाखवलं तर तो झोपेल, का हंडे शोधायला पळेल?" समुद्र रद्द करून त्यांनी स्वतःचीच पद्धत काढली. पहिली रोगी मी, कारण वरच्या मजल्यावर मीच भाड्याने राहत होते आणि मला पळताही येत नव्हतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. तेव्हा संधिवाताने बोटं अशी आखडली होती की खडू हातातून गळून पडायचा. गोळ्यांनी सूज उतरे, कळ राही. शेवटी राजीनामा लिहिला. तो वाचून आबा म्हणाले, "अक्षर फार वाईट आहे. सुधारेपर्यंत देऊ नका." मग मला आरामखुर्चीत बसवलं, श्वास मोजायला लावले, खांदे, कोपरं, मनगटं एकेक करून सैल करवली आणि त्याच स्टँडवरच्या सुरात, पण अगदी हळू, पुकारा केला. "साक्रीमार्गे पिंपळनेरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे. उजव्या हाताच्या सर्व कळांनी गाडीत बसून घ्यावं." मला हसू आलं. हसता हसता खरोखरच एकेक कळ पायरी चढताना दिसायला लागली. डबल बेल झाली, गाडी हलली, आणि कितीतरी महिन्यांनी माझी मूठ उघडली.

पिंपळनेरच का, तर ती आबांची सासुरवाडी. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, स्वयंपाकघरातून अहिराणीत ओरडायच्या, "गावं काय कमी शेतस का? जगनं दुखनं मना माहेरलेच कसाले धाडतस?"

"तठे बठ्ठं खपस," तिथे सगळं खपतं, असं आबा म्हणायचे. "मी नही खपनू का?"

कळ कायमची गेली, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. "परतीच्या गाडीने येईल ती. तोवर चित्र काढून घ्या." एकदा बरं वाटलं म्हणून मी गोळ्या बंद केल्या, तर तीन दिवस त्यांनी गाडीच सोडली नाही. "रस्ता डॉक्टरांचा, मॅडम. मी नुसता पुकारणारा." राजीनामा अजून माझ्या कपाटात आहे. मी आजही फळ्यासमोर उभी राहते ती या माणसामुळे, आणि हे उपकार फिटायचे नाहीत.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने आबांची वाचा गेली. साखरेच्या आजाराने त्यांचे तळपाय कित्येक वर्षं आगीसारखे जळत होते आणि स्वतःसाठीही ते रोज एक गाडी सोडत होते, हे मला तेव्हा अक्कांकडून कळलं. आता पुकारणारं कुणी उरलं नव्हतं. मी त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढली. त्यांचे श्वास मोजले आणि म्हटलं, "साक्रीमार्गे पिंपळनेरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर..."

आबांनी खाडकन डोळे उघडले, धड असलेला हात उचलला आणि रागारागाने तीन बोटं दाखवली.

अक्का दारात उभ्या होत्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बठ्ठं धाडी दे माय. मना माहेरलेच धाडी दे."

मी पुन्हा पहिल्यापासून पुकारा केला. फलाट क्रमांक तीन.